प्लवक-बहर, ऋतुमानिक

समुद्राच्या अथवा विस्तीर्ण जलाशयाच्या प्रकाशित थरात वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, संख्या ठराविक मोसमात एकाएकी वाढून पाण्याचा रंगच पालटतो, त्या घटनेस ही संज्ञा आहे. प्लवकाचे जीवन म्हणजे एक जमाखर्च : प्रकाशसंश्लेषणाने मिळते ती जमा, श्वसनात जातो तो खर्च, आणि खोलीबरोबर उजेड झपाट्याने मंदावत असल्यामुळे, पृष्ठभागावरील प्रकाशाचा जेमतेम १ टक्का जेथे उरतो, त्या सुमारास शिल्लक शून्यावर येते. हिवाळी वादळांनी घुसळलेल्या उत्तर अटलांटिकमध्ये प्लवक बराच काळ या मर्यादेखाली अंधारात फिरत राहतात. वसंतात दिवस वाढून वरचा थर उबदार, हलका व उथळ झाला म्हणजे ते उजेडातच टिकून राहतात आणि बहर येतो, हा सिद्धान्त नॉर्वेजियन सागरशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांनी १९५३ मध्ये मांडला. त्यास मायकेल बेरेनफेल्ड यांनी २०१० मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून हरकत घेतली. त्यांच्या मते वाढ भर हिवाळ्यातच सुरू होते, कारण खोलवरच्या मिसळणीने प्लवक विरळ होऊन भक्षकांच्या तावडीतून सुटतात. वाद मिटलेला नाही; परंतु उजेड वाढला की बहर आलाच, ही पाठ्यपुस्तकी समजूत मात्र टाकून द्यावयास हवी.

साठाव्या उत्तर अक्षांशावर दिवस ६ ते १९ तासांपर्यंत हेलकावे घेतो, सोलापूरच्या अक्षांशावर सुमारे ११ ते १३ तासांपर्यंतच. साहजिकच त्याच पट्ट्यातील अरबी समुद्रात उजेडाची नव्हे, नायट्रेट या पोषकाची वानवा असते. ती पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत तळचे पाणी वर आणून भागवितात, आणि हिवाळ्यात ईशान्येकडील कोरडे वारे उत्तर भागातील पृष्ठजल गार व जड करून बुडवितात, तेव्हा खालचे पाणी वर मिसळून ती भागते.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूर जिल्ह्यात याच जातीची घटना भीमेवरील उजनीच्या यशवंतसागरात दिसते. तेथे उजेडाचा दरवाजा गाळाच्या हाती आहे : पावसाळ्यातील गढूळ पुरात किरण फार खोल जात नाहीत, पूर ओसरून पाणी निवळले आणि ऊन तापू लागले, की नील-हरित शैवलांची साय धरते. यांपैकी काही शैवले पेशींतील वायुकोशांच्या आधारे स्वतःच पृष्ठभागी येऊन खालच्या पाण्याचा उजेड अडवितात. त्यांना लागणारे नायट्रोजन व फॉस्फरस पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाण्यातून मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्याद्वारे बारमाही येत असतात, आणि सोलापूर शहर पिण्याचे पाणी याच जलाशयातून घेते. उन्हावर कोणाचा अंमल चालत नाही. तेव्हा उजनीचा बहर आटोक्यात आणावयाचा तर सांडपाण्याचे शुद्धीकरण उगमाशीच झाले पाहिजे, बाकीचे उपाय वरवरचे होत.