मान आणि खांदेदुखी: चूक कामगाराच्या सवयीची की टेबलाच्या उंचीची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमध्ये फौंड्र्या मोठ्या संख्येने आहेत. ओतलेले कास्टिंग थंड झाल्यावर त्याच्या कडांना चिकटलेला जादा धातू घासून काढावा लागतो. या कामाला फेटलिंग म्हणतात. हातात जड, थरथरणारा ग्राइंडर, नजर खाली, खांदे उचललेले, आणि पाळी संपेपर्यंत हेच. मान आखडते, खांदा भरून येतो. ‘सवय झाली की जाईल’ म्हणून बहुतेक जण ते दुखणे अंगावर काढतात.

हे दुखणे कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाला अर्गोनॉमिक्सचे प्रशिक्षण म्हणतात. माणसाला कामाच्या मापात कोंबण्याऐवजी काम माणसाच्या मापाचे करायचे, एवढाच त्याचा अर्थ.

दुखते कशामुळे?

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. मान सरळ असताना हा भार मणके पेलतात. डोके पुढे झुकले की तोच भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो आणि वाकण्याबरोबर वाढत जातो. हात उचलून धरले की खांद्याचे स्नायू सतत आवळलेले राहतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, त्यामुळे तो लवकर थकतो. म्हणजे ओझे फार जड नसले तरी एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे पुरेसे त्रासदायक ठरते.

प्रशिक्षणात काय असते?

‘ताठ उभे राहा’ एवढेच सांगणारे भाषण वाया जाते. टेबल बुटके असेल तर कामगार ताठ उभा राहणार कसा? म्हणून चांगले प्रशिक्षण वर्गात नव्हे, कामाच्या जागेवर सुरू होते. काम चालू असताना मान, खांदा, मनगट किती वाकते ते पाहून गुण देतात. त्यासाठी 1993 मध्ये इंग्लंडमध्ये मांडलेली ‘रुला’ ही पद्धत जगभर वापरली जाते.

मग उंची. मोजमाप कोपरापासून घ्यायचे. बारीक काम कोपराच्या 5 ते 10 सेंटीमीटर वर, हलके हातकाम 10 ते 15 सेंटीमीटर खाली आणि जोर लावायचे काम त्याहूनही खाली असावे. बुटक्या आणि उंच कामगाराला एकच टेबल चालत नाही. लहान कास्टिंगखाली ठोकळा ठेवणे, उंच नसलेल्याला पायाखाली फळी देणे, ग्राइंडर वरून स्प्रिंगच्या बॅलन्सरला टांगणे, असे उपाय फार खर्चिक नसतात. ते कामगारांना विचारून केले तर टिकतात. कुठे दुखते हे त्यांनाच ठाऊक असते.

व्यायामाचाही उपयोग होतो. डेन्मार्कमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम रोज फक्त 2 मिनिटे, 10 आठवडे केला, तरी मान-खांदेदुखी कमी झाली. अर्थात ते खुर्चीवर बसणारे लोक होते, फेटलिंग करणारे नव्हेत.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर अडचण वेगळी आहे. मागाची उंची बदलता येत नाही, आणि तुटलेला धागा जोडायला वाकावेच लागते. शिवाय मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असेल तर विश्रांती म्हणजे थेट पैशांचे नुकसान. तिथे प्रशिक्षणाआधी विश्रांतीच्या वेळेचा विषय मालकाशी बोलावा लागतो.

कायद्यात काय?

1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 44 मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 29 आजारांची यादी होती. सिलिकोसिस आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा तिच्यात होता, मान-खांदेदुखी नव्हती. त्यामुळे हे दुखणे सहसा कागदावर येतच नाही.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल किंवा दुखण्याने रात्री झोप मोडत असेल तर मलम चोळत थांबू नये. डॉक्टरकडे जाताना फक्त ‘मान दुखते’ न सांगता, दिवसभर कोणते काम, किती तास आणि कोणत्या स्थितीत करावे लागते तेही सांगावे.