यावे, कॉन्क्लेव्ह आणि आपली चावी

आजचा शब्द स्पॅनिश आहे: 'यावे', म्हणजे किल्ली. आपल्या कानाला 'घरी यावे'सारखा वाटतो, पण मूळ लॅटिन. तिथे किल्लीला 'क्लाविस' म्हणत.

आता 'क्ल'चा 'य' कसा झाला? तर हे या एकाच शब्दाचं झालेलं नाही. लॅटिन शब्दांच्या सुरुवातीचे क्ल, प्ल, फ्ल स्पेनमधल्या लोकांच्या तोंडी झिजून 'ल्य' झाले आणि पुढे बहुतेक ठिकाणी नुसता 'य' उरला. 'क्लामारे' म्हणजे ओरडणे, त्याचं झालं 'यामार', हाक मारणे. 'प्लुविया' म्हणजे पाऊस, त्याचं 'युविया'. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत फाइंड अँड रिप्लेस, फक्त रन व्हायला काही शतकं लागली. आणि काही शब्द सुटलेही. 'क्लारो' अजून क्लारोच आहे.

इंग्रजीत मात्र 'क्ल' शाबूत, कारण तिने हे शब्द फ्रेंचमधून किंवा थेट लॅटिन ग्रंथांतून उचलले. संगीतलिपीतलं 'क्लेफ' म्हणजे किल्लीच. गळ्याखालचं हाड 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी किल्ली. (खुद्द 'की' हा शब्द मात्र या घरातला नाही.) माझा आवडता आहे 'कॉन्क्लेव्ह': किल्लीने बंद करता येते ती खोली. 1268 मध्ये पोप चौथे क्लेमेंट वारले आणि इटलीतल्या व्हितेर्बो गावात कार्डिनल मंडळी जवळपास तीन वर्षं नवा पोप निवडेनात. शेवटी लोकांनी त्यांना कोंडलं, खाणं कमी केलं. 1271 मध्ये निवडून आलेले दहावे ग्रेगरी हे विसरले नाहीत. 1274 मध्ये त्यांनी नियमच केला: निवड होईपर्यंत कोंडून ठेवायचं, तीन दिवसांनंतर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त पाव, पाणी आणि वाइन.

पण 'यावे'चं सख्खं भावंड इंग्रजीत नाही, शेजारच्या पोर्तुगीजमध्ये आहे. तिथे त्याच 'क्ल'चा 'च' झाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात, वसईत ठाण मांडून बसले, आणि त्यांच्याकडून आपल्याला मिळाली 'चावी'. म्हणजे आपण ती पुस्तकातून नाही, कानाने घेतली.

गंमत म्हणजे लिस्बनमध्ये आज तिला 'शाव्ह' म्हणतात. जुना 'च' पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या काही बोलींत टिकलाय, आणि आपल्याकडे.