हायवेवर सर्वात उजवी लेन कशासाठी असते?

भारतात वाहनं डावीकडून चालतात. त्यामुळे हायवेवर दुभाजकालगतची, म्हणजे सर्वात उजवीकडची लेन ओव्हरटेकिंगसाठी असते. पुढचं वाहन ओलांडायचं आणि जागा मिळताच डावीकडच्या लेनमध्ये परतायचं.

मग अनेक जण तिथेच का रेंगाळतात?
अंधेरी-बोरिवलीतून जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग असो की घाटकोपर-मुलुंडमधून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, डाव्या बाजूला रिक्षा, थांब्यावरच्या बस आणि सर्व्हिस रोडवरून आत शिरणाऱ्या दुचाकी असतात. त्या टाळायला चालक उजवी लेन धरतात. कोंडीत सगळ्याच लेन भरलेल्या असल्याने फारसा फरक पडत नाही. पण हीच सवय मोकळ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धोक्याची ठरते.

धोका कोणता?
वाट न मिळालेली मागची गाडी डावीकडून पुढे काढली जाते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने चालकाला डावी बाजू कमी दिसते. त्याच क्षणी पुढची गाडी डावीकडे आली, तर धडक होते.

‘मी वेगमर्यादेतच आहे’ हे उत्तर पुरेसं आहे का?
नाही. वेगमर्यादा मोडणाऱ्यावर कारवाई करणं पोलिसांचं काम आहे, त्याला अडवून धरणं इतर चालकांचं नाही. मागे रुग्णवाहिकाही असू शकते. शिवाय वाहन चालवण्याचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७७-अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

काय करावं?
ओव्हरटेक झाल्यावर डावा आरसा पाहा, इंडिकेटर द्या आणि डावीकडच्या लेनमध्ये या.