दोन आण्यांची जमीन

शहरातील सुशिक्षित मनुष्यास मुरूम ठाऊक असतो तो बहुधा रस्त्याच्या कडेला ओतलेल्या ढिगाच्या रूपाने. हा मुरूम ज्या भूमीचे अंग आहे, तिला मराठी शेतकऱ्याने बरड, माळ, मुरमाड, खडकाळ अशी कितीतरी नावे दिली आहेत. नावे पुष्कळ असली, तरी मान मात्र तिला कोणी फारसा दिलेला नाही. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हे गाव लागते. त्याच्या आसपासचा बालाघाटाचा माथा हा अशाच जमिनीचा मुलूख होय. या जमिनीचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळ अंशी तिचे मोल ठरविणाऱ्यांचाच इतिहास आहे, असे आढळून येते.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर येऊन दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी तो वरून कुजत आला. प्रथम त्याचे मांजऱ्या खडकात, मग मुरमात आणि शेवटी मातीत रूपांतर झाले. परंतु माथ्यावर माती टिकत नाही. पावसाचे पाणी बारीक कण उचलून मांजरा, तिरू, मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांत नेते आणि मागे खडे तेवढे उरतात. खोऱ्यातील ज्या काळीचा एवढा लौकिक आहे, तिची श्रीमंती अशी माळाच्या झिजेतून आलेली आहे. ही गोष्ट काळीच्या मालकास सहसा आठवत नाही.

दोन्ही जमिनींचा स्वभाव ओळखावयाचा तर पहिला मोठा पाऊस पडल्यावर पाहावे. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि मग वरचे पाणी आत शिरत नाही; ते साचते किंवा वाहून जाते. नांगर घालण्याजोगा वाफसा येण्यास कित्येक दिवस लागतात. मुरमाड जमिनीत मात्र पाणी खड्यांमधून सरळ खाली उतरते आणि एक-दोन दिवसांत पाय न रुतता चालता येते. अर्थात हा गुण फुकटचा नव्हे. ज्या वाटेने पाणी लवकर उतरते, त्याच वाटेने ओल लवकर सरते. पावसाने पंधरा दिवस दडी मारली की वीतभर मातीतले पीक माना टाकते. ज्वारीला अशी जमीन बेभरवशाची. गवताचे तसे नाही. कुसळी, पवन्या, शेडा, डोंगरी या गवतांची मुळे खडकाच्या फटी शोधीत जातात. वरचा भाग वाळला तरी बुंधा जिवंत राहतो आणि मृगाच्या सरीबरोबर पुन्हा हिरवा होतो. पृष्ठावरचे दगडही काही अंशी पांघरुणाचे काम करतात, त्यांच्याखालची ओल उघड्या मातीइतकी लवकर उडत नाही.

हिमालयापलीकडे लडाखात चांगथांग नावाचे पठार आहे. त्याची उंची ४,००० मीटरहून अधिक, पाऊस अत्यल्प आणि थंडी हाडे गोठविणारी. तेथे दगड फोडण्याचे काम उन्हापावसाऐवजी बर्फ करते. फटीतले पाणी गोठून फुगते आणि खडकाच्या ठिकऱ्या उडतात. परंतु परिणाम पाहिला तर बालाघाटाच्या गुराख्यास तो अगदीच परका वाटू नये. तीच उथळ, खडेमिश्रित, पाणी धरून न ठेवणारी माती आणि तेच विरळ, चिवट गवत. त्या गवतावर चांगपा मेंढपाळ पश्मिना लोकरीच्या शेळ्या पाळीत आले. एके ठिकाणी चरून झाले की कळप पुढे न्यावयाचा आणि गवतास पुन्हा उभे राहण्यास अवकाश द्यावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. आपल्याकडे कुरण राखण्याची जी रीत होती, तिच्या मुळाशी हेच शहाणपण होते.

आता मोल ठरविणाऱ्यांकडे वळू. जमिनीचा कस पाहून धारा ठरविण्याची रीत दख्खनेत मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी घालून दिली. मोजमापाचा खरा काटेकोरपणा मात्र इंग्रजी अंमलात आला. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात पाहणीस आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. प्रतवारी करणारा कारकून शेतात खड्डे घेई, मातीचा रंग व पोत पाही आणि तिची खोली हाताने मोजी. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असली, की ती सोळा आण्यांची. खोली कमी होत जाई तसे चौदा, बारा, दहा असे आणे उतरत. फिकट रंगाची, खडेमिश्रित माती पाव हातच निघाली, तर तिला नववी प्रत आणि दोन आणे! निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने महसुलाची घडी बसविल्यानंतर मराठवाड्याची जी पाहणी झाली, तीही याच मुंबई पद्धतीच्या धर्तीवर झाली.

या पद्धतीस अन्यायी म्हणता येणार नाही. गरीब जमिनीवर सारा हलका बसावा हाच तिचा हेतू होता, आणि तो पुष्कळसा साधलाही. तरी तिच्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रत कमी करण्यास जे दोष कारण होत, त्यांत चुनखडीचे खडे, वाळू, उतार यांच्याबरोबर पाणी न मुरणे हाही एक दोष धरला होता. पाणी चांगले मुरणे हा स्वतंत्र गुण मात्र कोठेच धरलेला नव्हता. धान्य किती पिकेल एवढाच प्रश्न होता. गवत किती होईल आणि खालच्या विहिरीस पाझर किती लागेल, हे खतावणीत मांडण्याची सोयच नव्हती.

त्या दोन आण्यांच्या जमिनीवर काय उभे होते, याचा हिशेब गुरांच्या बाजारात मिळे. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावावरून ज्या जातीस नाव पडले, ती देवणी गुरे याच मुलखातली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा आणि अंगाने पांढरा बालंक्या, असे तिचे प्रकार जाणते लोक लांबूनच ओळखतात. शेजारच्या कंधारची लालकंधारी जात ओढकामास काटक. उस्मानाबादी शेळी तर काटेरी झुडपांवर जगून दुष्काळात गरिबाचे घर सावरणारी. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जे पशुधन उभे राहते, त्याच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे माळरान आहे. सोळा आण्यांची काळी नांगरावयाची तर बैल हवा, आणि तो बैल ऐन पावसाळ्यात, सगळी शिवारे पिकांखाली असताना, दोन आण्यांच्या माळावर चरत असे.

हे माळ कमी होत गेले, याचे खापर एकट्या लोभावर फोडणे बरोबर नाही. ज्यांच्या नावावर हातभरही जमीन नव्हती, अशी कुटुंबे प्रत्येक गावी होती, आणि त्यांतील फार मोठा भाग अस्पृश्य मानलेल्या समाजाचा होता. १९५९ साली व पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक व गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही त्यांची मागणी होती. मराठवाड्यात अशा गायरानांवर अनेक कुटुंबांनी दगड वेचून शेते केली. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले; पण सात-बाऱ्यावर नाव चढविण्यासाठी कित्येकांना दीर्घकाळ खेटे घालावे लागले. गुराख्याचे म्हणणे खरे, आणि भूमिहीनाचेही खरे. चांगली जमीन वाटून झाल्यावर जी उरली, तिच्यासाठी या दोघांना एकमेकांसमोर उभे राहावे लागले, ही यातील खरी कष्टाची बाब होय. तिच्यावर तोडगा काढणारे बहुधा सोळा आण्यांच्या जमिनीचे धनी असत.

पाण्याचा हिशेब यापेक्षा उशिरा पुढे आला. आज लातूर जिल्ह्यात असलेले अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. त्या बिदरला बहामनी काळात जमिनीखालून कारेज नावाचे बोगदे खोदलेले आहेत. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते, हे हेरून ते गावाकडे आणण्याची ती युक्ती. ज्यांनी ती केली, त्यांना मुरणाऱ्या भूमीची किंमत आण्यांत मोजण्याची गरज पडली नाही. उलट १२ एप्रिल २०१६ रोजी लातूर शहरास मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लक्ष लिटर पाणी आणावे लागले. त्यास अवर्षण कारण होतेच; उसाची तहान, विंधन विहिरींची स्पर्धा आणि मांजरा धरणाचा कोरडा तळ हीही कारणे होती. या सर्वांत उघड्या पडलेल्या माथ्यांचा वाटा केवढा, हे कोणी मापून दाखविलेले नाही. परंतु गवत गेलेल्या माळावरून पाणी धावत सुटते आणि गवत असलेल्या माळावर ते रेंगाळते, हे पाहण्यास मापाची जरूर नाही.

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ एक टेकडी आहे. तिला लोक बेट म्हणतात. खडकाळ, उतरती, पाणी न थांबणारी अशी ही जागा औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असून पावसाळ्यात तेथे दूरदूरचे लोक येतात. तिकडे बीडच्या बाजूस याच रांगेतील बरड उतारांवर सीताफळाची झाडे आपोआप वाढली आणि बीडच्या त्या फळास आता भौगोलिक मानांकन आहे. आणि सात-बारा उताऱ्यावर, जेथे खडक, ओहोळ किंवा लागवडीस अयोग्य तुकडा असेल, तेथे त्याच्या क्षेत्रापुढे आजही एकच शब्द लिहिलेला सापडतो : पोटखराबा.