पौगंड, परमा आणि पोटदुखी

शाळेच्या परिपत्रकात ‘पौगंडावस्था’ हा शब्द दिसला की आवाज फुटलेली, मुरमांनी बेजार झालेली तेरा-चौदा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर येतात. जुन्या संस्कृत टीकाकारांच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरी-तिसरीतलं पोर होतं. त्यांच्या हिशेबात पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. मराठीने पौगंडाला सरळ वरच्या वर्गात ढकललं. खरा मान होता ‘किशोर’ या शब्दाचा. किशोर म्हणजे मुळात घोड्याचं शिंगरू. माणसाच्या मुलाला तो नंतर लागला. या वयाला याहून चपखल नाव कुठलं? हेच शिंगरू मराठी घरात वाढलं की पंचविशीपर्यंत गाढवात जमा होतं, ती गोष्ट वेगळी.

घरात यातला एकही शब्द कोणी वापरत नाही. मुलगी ‘वयात येते’, ‘शहाणी होते’, तिला ‘न्हाण येतं’. मग दर महिन्याला ती ‘बाहेर बसते’, तिला ‘कावळा शिवतो’, ‘अडचण’ येते. रक्त कुठून येतं, का येतं, याचा या शब्दांत मागमूस नाही. ती कुठे बसली आणि तिला कोणी शिवायचं नाही, एवढीच माहिती त्यांत आहे. या घोळक्यात ‘पाळी’ हा एकच सरळ शब्द. नळावर पाणी भरायची पाळी, खेळात राज्य घ्यायची पाळी, तशीच ही. नुसता क्रम, विटाळ नाही की अडचण नाही.

मुलग्यांची तर आणखी पंचाईत. त्यांना दोस्तांकडून शिव्या मिळतात आणि पुस्तकातून संस्कृत. मधलं काही मिळतच नाही. ‘हस्तमैथुन’ घ्या. मिथुन म्हणजे जोडी आणि मैथुन ते जोडीचं. एकट्याने करायच्या गोष्टीला जोडीचं नाव देणाऱ्या पंडिताला दाद द्यायला हवी! झोपेत वीर्य जातं, त्याला हिंदीने ‘स्वप्नदोष’ ठरवून टाकलं. मराठीत त्याला ‘स्वप्नावस्था’ हा शब्द आहे. अवस्था आहे, दोष नाही. भिंतींवरच्या आणि लोकलच्या डब्यांतल्या जाहिराती वाचून आपली मुलंही आता ‘दोष’ म्हणतात, आणि या देवघेवीत आपण साफ बुडालो आहोत.

पण पोरांना सर्वांत जास्त छळलं ते ‘धातू’ने. ‘धा’ म्हणजे ठेवणं, धारण करणं. शरीराला धरून ठेवतात ते आयुर्वेदाचे सात धातू : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. एकातून पुढचा तयार होतो अशी कल्पना, त्यामुळे शेवटचा सर्वांत मोलाचा. त्यावर लोकांनी गणित बसवलं, की रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब. एकदा हे डोक्यात बसलं की ‘धातू जातो’ म्हणजे घराचा वासाच गेला. गळून गेल्यासारखं वाटतं, कंबर दुखते, झोप उडते, आणि सगळ्याचं खापर वीर्यावर फुटतं. असे तरुण रुग्ण पाहून मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या चिंतेलाच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य शरीरात सतत तयार होतं, त्याचा ठरावीक साठा नसतो आणि ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मात्र शब्दाने घातलेली भीती अर्ध्या मिनिटात जात नाही.

रोगांची नावंही अशीच गमतीची. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त भावमिश्रांनी सिफिलिसला ‘फिरंग रोग’ म्हटलं आणि दोष फिरंग्यांच्या माथी गेला. आपल्याकडे तीच ‘गरमी’. गोनोरिया म्हणजे ‘परमा’. हा शब्द ‘प्रमेहा’वरून आला. प्रमेहाचे वीस प्रकार, त्यांतलाच एक मधुमेह. म्हणजे मधुमेह आणि परमा भाऊभाऊ. त्यातला एक लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारताना खड्या आवाजात सांगता येतो, दुसरा डॉक्टरच्याही कानात सांगवत नाही. सगळ्यांना मिळून झाकणारा शब्द ‘गुप्तरोग’. रघुनाथ धोंडो कर्व्यांसारख्या माणसानेही पुस्तकाला नाव दिलं ‘गुप्तरोगांपासून बचाव’; वाचकाला कळेल तोच शब्द घ्यायला हवा होता. पण १९२७मध्ये मासिक काढलं तेव्हा त्यांनी नाव निवडलं ‘समाजस्वास्थ्य’. स्वास्थ्य म्हणजे स्वतःत स्थिर असणं. हिंदीत ‘अस्वस्थ’ माणूस आजारी असतो, मराठीत तो बेचैन असतो, आणि कर्व्यांना समाजाच्या दोन्ही तक्रारी ठाऊक होत्या. त्या मासिकापायी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

आता ‘लैंगिक’. लिंग म्हणजे खूण. धूर हे अग्नीचं लिंग, असं तर्कशास्त्र सांगतं, आणि वैशेषिक दर्शनात ‘लैंगिक’ ज्ञान म्हणजे खुणेवरून काढलेलं अनुमान. इतका सोवळा शब्द! तरी २००७मध्ये ‘लैंगिक शिक्षणा’वरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी ते शाळांतून हद्दपार केलं. मग ‘जीवन कौशल्य’ असं मवाळ नाव पुढे आलं. त्यात दात घासण्यापासून राग आवरण्यापर्यंत सगळं मावतं. जे सांगायचं तेच कधीकधी मावत नाही.

२०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत सल्ला आणि उपचारांची सोय आहे. बंगालने अशा केंद्रांना ‘अन्वेषा’ म्हटलं, कर्नाटकाने ‘स्नेहा’, महाराष्ट्राने ‘मैत्री’. नावात रोग नाही, गुप्त नाही, लैंगिकही नाही. नाव ठेवणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण.

घोडं अडतं ते केसपेपरच्या खिडकीवर. मागे रांग, रांगेत शेजारच्या काकू, आणि आतून खणखणीत प्रश्न : ‘काय होतंय?’ सतरा वर्षांची पोर म्हणते, ‘पोटात दुखतंय.’ तिच्या मागचा मुलगाही तेच म्हणतो. पाळी चुकलेली, खाज सुटलेली, धातू गेलेला, सगळ्यांच्या पेपरवर पोटदुखी. आत समुपदेशक दार लोटून घेते आणि पोटदुखीच्या धुरावरून आग कुठे आहे ते शोधायला बसते. तिचं निम्मं काम वैशेषिकांच्या अर्थाने लैंगिक. ते हलकं करायचं तर खिडकीवर तक्रार विचारूच नये. ‘मैत्रीचा पेपर’ म्हटलं की द्यावा. बाकीचे शब्द आत निघतील, शिव्यांतले का असेनात.