पाखडून उरलेली पंधरा अक्षरं

मंडळी, आमच्या यवतकडे ज्वारी सुपात पाखडतात. भूसकट उडतं, दाणा राहतो. तरी कचरा दिसला की पुन्हा पाखडायचं. औषधाचे रेणू शोधायची एक पद्धत अगदी अशीच आहे. तिची ही छोटीशी गोष्ट.

१९९० साली अमेरिकेत दोन प्रयोगशाळांना एकच कल्पना सुचली. बोल्डरला टर्क आणि गोल्ड, बॉस्टनला एलिंग्टन आणि शोस्टाक. आरएनएचे अब्जावधी वेगवेगळे तुकडे घ्यायचे, हव्या त्या रेणूला चिकटतील तेवढे ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा तेच. अशा तुकड्यांना नाव पडलं ॲप्टामर, म्हणजे नेमका बसणारा. १९९२ साली रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरणारा डीएनएचा तुकडा सापडला. अवघ्या १५ अक्षरांचा!

पण बऱ्याचदा दहा-पंधरा फेऱ्या लागत, आठवडेच्या आठवडे जात. मग आली चिप. केसाएवढ्या बारीक नळ्यांतून द्राव वाहतो. हवा तो रेणू चुंबकीय मण्यांवर बसवलेला असतो. लोहचुंबक मणी धरून ठेवतो आणि सैल चिकटलेलं सगळं प्रवाहात वाहून जातं. २००९ साली सान्ता बार्बराच्या गटाने बोटुलिनम विषाला धरणारे तुकडे अशा चिपवर एकाच फेरीत मिळवले.

मग औषधांचा पूर का आला नाही? अमेरिकेत मान्यता मिळालेली ॲप्टामर औषधं दोनच, २००४ आणि २०२३ ची. दोन्ही डोळ्यात टोचायची. कारण रक्तातली विकरं असे तुकडे कापून टाकतात. तो १५ अक्षरी तुकडा रक्तात काही मिनिटांतच संपतो.

इथे आपलं पुणे येतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वैजयंती कुमार यांच्या गटाने याच तुकड्याची अक्षरं वेगळ्या रीतीने जोडली. नेहमीची जोडणी साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरून असते, त्यांनी ती दुसऱ्यावरून केली. विकरांना ही जोडणी सहजी तोडता येत नाही. २०१४ साली त्यांनी दाखवलं की असा तुकडाही थ्रॉम्बिनला धरतो.

हे अजून औषध नाही. पण ज्यांच्या घरी रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतली जाते, त्यांना यातलं मोल कळेल. शोधणं चिपने सोपं केलं. सापडलेलं टिकवणं हे चिकाटीचं काम आहे, आणि त्यातलं थोडं आपल्याच जिल्ह्यात झालं.

असो.