विळा, पाट आणि खोवणी

कुंभकोणमहून तंजावरच्या बाजूस निघालेली आगगाडी दारासुरम् आणि स्वामिमलै ही स्थानके मागे टाकते, आणि मग सुंदरपेरुमाळ कोयिल हे लहानसे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. गावाचे नाव हेच देवाचे नाव. मुलूख कावेरीच्या खोऱ्यातला; भाताचा, केळीचा आणि नारळाचा. या बाजूस येणारा प्रवासी देवळे पाहतो, स्वामिमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांना भेटतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र श्रोत्यांना येथील स्वयंपाकघरात नेऊ इच्छितो. तेथे जमिनीवर एक वस्तू असते. तिचे तमिळ नाव कळले म्हणजे आपल्याच घरातील एका वस्तूचे कूळ उलगडते.

ते नाव 'अरिवाळ्मणै'. अरिवाळ् म्हणजे विळा, आणि मणै म्हणजे बसावयाचा पाट. तेलुगूत तिलाच 'कत्तिपीट' म्हणतात. कत्ती म्हणजे सुरी आणि पीट म्हणजे पुन्हा पाटच. कानडीतील 'ईळिगे मणे' हे नावही त्याच घडणीचे. तीन भाषांनी दोन वस्तूंचा विवाह नावातच नोंदवून ठेवला आहे. आपण मराठी माणसांनी विळ्याची विळी केली आणि पाटाचे नाव गाळून टाकले. ज्याच्यावर सगळा भार, त्याचा उल्लेखच नाही!

विळा हे फार जुने हत्यार. ऋग्वेदात ते 'दात्र' या नावाने येते. यास्काने तर निरुक्तात अशी मौज नोंदवली आहे की, पूर्वेकडचे लोक या शब्दातील कापण्याचे क्रियापद वापरतात आणि उत्तरेकडचे लोक हत्याराचे नाम. शेतात विळा हलतो आणि पीक उभे असते. ज्या कुणाला प्रथम सुचले की विळा पाटात रोवून स्थिर करावा आणि कापावयाची वस्तूच त्याच्यावर हलवावी, त्याने, की तिने, हा सारा संबंध उलटा केला. पाट बसणारीच्या वजनाने किंवा पायाच्या दाबाने जखडून राहिला. धार तिच्याकडे वळली. दोन्ही हात मोकळे झाले, आणि पात्याच्या वाकामुळे भाजी धारेवरून निसटेनाशी झाली. विळ्या-भोपळ्याचे सख्य आपल्या भाषेत कुप्रसिद्ध आहे. पण थोरला भोपळा दोन्ही हातांत धरून पात्यावर दाबला म्हणजे तो किती निमूटपणे दुभंगतो, हे कोणत्याही आजीबाईंना विचारावे.

येथवर दोन वस्तू झाल्या. तिसरी नारळामुळे आली. कोकणपट्टीत नारळाचे प्रस्थ किती जुने आहे हे नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखावरून कळते. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने सुमारे १९०० वर्षांपूर्वी ३२,००० नारळाची झाडे दान दिली, असे त्यात कोरलेले आहे. दान घेणाऱ्यांत शूर्पारकाचे, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचे लोकही होते. इतके नारळ म्हटले म्हणजे ते खोवणे आलेच. केरळात या कामासाठी 'चिरव' नावाचे स्वतंत्र साधन आहे. त्याच्या बैठकीवर बसून पुढच्या दातेरी जिभेवर नारळाची वाटी फिरवतात. कोकणात, गोमंतकात आणि कावेरीकाठीही वेगळी युक्ती रुजली. विळीच्या पात्याचे टोक नाहीतरी रिकामेच होते. त्यालाच दातेरी खोवणी बसवली. खोवण्यालाही घट्ट आधार आणि दोन मोकळे हात हवेत, आणि ते दोन्ही विळीने आधीच मिळवून ठेवले होते. रत्नागिरीकडची मोरळी आणि गोव्याची आदोळी ही याच कुळातली.

या जोडणीतील खरे कौशल्य प्रमाणात आहे. टोक फार उंच गेले तर खोवणारीचे खांदे भरून येतात. फार खाली आले तर वाटीखाली परात मावत नाही. दात बोथट झाले तर खोबरे भुरभुरत नाही, फार खोल गेले तर करवंटीचा काळा चुरा त्यात उतरतो. लोहाराने पाते घडवावे, सुताराने पाट द्यावा, आणि घरातील बाईने महिनाभर वापरून 'जरा वाकवून द्या' म्हणून ते परत पाठवावे, अशा क्रमानेच हे माप ठरत गेले असणार. पुढे पात्याला बिजागरी आली. विळी उभी ठेवू नये, आडवी करावी, हा घरोघरचा दंडक त्यामुळे सोपा झाला; रांगत्या मुलांच्या घरात ही सुधारणा लहान म्हणता येणार नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेंकोजीराजांबरोबर मराठी कुटुंबे तंजावर प्रांतात आली, आणि १८५५ मध्ये ते राज्य गेल्यावरही तेथेच राहिली. भाषा, भात, आंबट वरण या सर्वांशी त्यांना जुळवून घ्यावे लागले. अरिवाळ्मणै पाहून मात्र नव्याने शिकावे लागले नसेल. त्याच दरबारात राणी दीपाबाईच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ अन्नाचे गुणदोष सविस्तर सांगतो. ग्रंथकाराचे नाव राहिले, राणीचेही राहिले. विळीला खोवणी जोडणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, आणि ज्यांच्या सोयीने ती सुधारली त्या बायकांचे तर नाहीच. तलवारींची नावे आपण पाठ करतो!

विसाव्या शतकात स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांना ही सुटकाच वाटली, आणि तिच्याबद्दल हळहळण्याचा अधिकार निदान पुरुषांना तरी नाही. पण बैठक गेली, तसे पाट जखडून ठेवणारे वजनही गेले. ओट्यावर फळी आडवी पडली आणि सुरी पुन्हा हलू लागली, शेतातल्या विळ्यासारखी. खोवणी विळीपासून सुटली. ती आता ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळतात किंवा रबरी बैठकीने चिकटवतात, आणि मूठ फिरवून चालवतात. जुनी विळी बहुतेक घरांत ओट्याखाली आडवी असते. गणेशचतुर्थीच्या सकाळी, मोदकांच्या सारणाला पाच-सहा नारळ एकदम खोवावयाचे झाले, म्हणजे तिला बाहेर काढून पुसतात, आणि घरातील कुणीतरी पाट पायाखाली धरून जमिनीवर बसते.